मुलांआधी मोठ्यांची शाळा

पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली पालिकेच्या कार्यकारी समितीला एक पत्र लिहिले. शहरात दारूची दुकाने वाढत चालली आहेत, ही त्यांची तक्रार होती. दोनच वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला होता. दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारचा ताबा पक्का झाला होता, आणि अबकारी ही तिजोरीची भरवशाची मिळकत ठरत होती. अशा वेळी जोतीरावांनी बोट ठेवले ते दुकानांच्या संख्येवर, आणि दाद मागितली ती शहराचे आरोग्य ज्यांच्या हाती होते त्यांच्याकडे. पोरांना व्यसनापासून दूर ठेवण्याच्या कामाला आज ‘प्रतिबंध’ म्हणतात, त्याची प्रशिक्षणे होतात, त्याचे अभ्यासक्रम निघाले आहेत. त्या सगळ्यातली मूळ गोष्ट या पत्रात आहे. पोरगा बिघडतो तेव्हा त्याच्या भोवती काय काय आहे, हे आधी पाहावे लागते, आणि ते बदलण्याची ताकद पोराच्या हातात नसते, मोठ्यांच्या हातात असते. या कामाचा आपल्याकडचा आणि बाहेरचा इतिहास पाहिला, तर हे भान होते तिथे काम उभे राहिले आणि ते सुटले तिथे नुसते भाषण उरले, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप संतपरंपरेच्या अंगाने येतो. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की दारू सुटते. त्याला कुठल्या प्रशिक्षणाची गरज पडली? आक्षेप खरा आहे, पण माळेचा अर्थ त्यात अर्धाच घेतला आहे. माळ गळ्यात दिसते. ती घातलेल्याला गाव वेगळ्या नजरेने बघते, ग्लास पुढे करणारा हात आपोआप मागे जातो, दर एकादशीला आणि वारीला सोबत तशीच माणसे भेटतात. नुसत्या निश्चयाला जे जमत नाही ते या सोबतीला जमते. गाडगेबाबांचे उदाहरण याहून बोलके आहे. लहानग्या डेबूचे, म्हणजे बाबांचे, वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आईला पोराला घेऊन माहेरी आसरा घ्यावा लागला. पुढे डेबूजींना मुलगी झाली. बारशाला भावकीला मटण आणि दारू द्यायची, हा तिथला रिवाज होता. त्यांनी तो मोडला आणि पंगतीला गोडाचे जेवण वाढले. जिथे पोरे आपल्या बापाला, काकाला, मामाला पिताना पहिल्यांदा बघतात, ती जागाच त्यांनी बदलली. पुढच्या आयुष्यात त्यांचे कीर्तनही असेच होते. दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत जायचे. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. ऐकणाऱ्याला बोलते करण्याची ही हातोटी आजच्या समुपदेशकाला महिनोन्‌महिने सरावाने कमवावी लागते. बाबांकडे ती होती म्हणून ती शिकण्याची गोष्ट नाही, असे होत नाही. ती एका माणसाबरोबर संपू नये, म्हणून तर शिकवायची.

दुसरा मार्ग बंदीचा. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो अजूनही कागदावर आहे आणि परवाने त्याच्याच आधाराने दिले जातात. पण कायद्याला बाटली ओळखता येते, पोरगा का प्यायला लागला ते ओळखता येत नाही. ही उणीव ऐंशीच्या दशकात उघडी पडली, कारण तेव्हा मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, त्यावर चिमूटभर भुरकट पूड, खाली काडी किंवा मेणबत्ती, आणि वर उठणारा धूर नळीने ओढून घ्यायचा. ना वास, ना झिंगणे. घरच्यांना पत्ता लागेपर्यंत पोरगा पुरता अडकलेला असे. पूड मिळाली नाही की अंग मोडून येई, नाकाडोळ्यांतून पाणी वाहे, पोटात पिळवटे. त्याला ती मुले ‘टर्की’ म्हणत. मराठीने या मुलांसाठी लगेच एक शब्द घडवला, गर्दुल्ला. शब्द घडला आणि त्यासोबत माणूस कडेला टाकलाही गेला.

अनिल अवचटांनी या मुलांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. त्याची घडी बसवली डॉ. अनिता अवचट यांनी. मुक्तांगण हे उपचाराचे ठिकाण, मग प्रतिबंधाच्या इतिहासात ते कशाला, असे कोणी विचारील. माझ्या मते आपल्याकडे या कामाचे खरे शिक्षण तिथेच सुरू झाले. बरा झालेला रुग्ण तिथे कार्यकर्ता होतो आणि नव्याने आलेल्याशी बोलतो. तो खोटे लगेच ओळखतो, कारण तेच खोटे त्याने स्वतः कधीतरी बोललेले असते. रुग्णांच्या बायकांसाठी डॉ. अनिता यांनी ‘सहचरी’ गट सुरू केला आणि व्यसन हे एकट्या माणसाचे नसून घराचे दुखणे आहे, हे तिथे रोजच्या व्यवहारात आले. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला व्यसनाचा धोका जास्त असतो. त्याची आई सावरली, तिला बोलायला जागा मिळाली, की पुढच्या पिढीचा प्रतिबंध तिथेच सुरू होतो. पुढे केंद्र सरकारने विभागीय प्रशिक्षणाचे काम मुक्तांगणाकडे दिले, त्यामागे ही कमाई होती.

याच काळात अमेरिकेत दुसरा प्रयोग चालला होता, आणि तो फसला कसा ते आपण नीट बघायला हवे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी मिळून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, अमली पदार्थांची माहिती द्यायचा, नाही म्हणायला शिकवायचा. शाळांना आवडले, पालकांना आवडले, कार्यक्रम देशभर पसरला. नव्वदच्या दशकात संशोधकांनी तपासले तेव्हा मुलांच्या व्यसनावर त्याचा परिणाम जवळजवळ नाही, असे पुन्हा पुन्हा आढळले, आणि २००१ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने तो निष्प्रभ ठरवला. हेतूत खोट नव्हती. पण वर्गातून बाहेर पडल्यावर मुलाचे मित्र, रिकामी दुपार, घरातला ताण, सगळे जसेच्या तसे होते. याच्या उलट आइसलँडने आईबापांना कामाला लावले, संध्याकाळी मुलांना खेळ आणि संगीत दिले, दरवर्षी मुलांना विचारून आकडे गावागावाला परत दिले. गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो होतो, असे सांगणारी १५–१६ वर्षांची मुले १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के राहिली. छोटा, श्रीमंत देश, आपल्याला काय उपयोग, असे म्हणता येईल, आणि त्यांचे पैसे आपल्याकडे नाहीत हे खरेच. पण गडचिरोलीही श्रीमंत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकांच्या आंदोलनानंतर तिथे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. बंदी एकटी पुरत नाही, हेही तिथेच कळले. म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात गावसंघटना, जागृती, अंमलबजावणी आणि उपचार एकत्र बांधले गेले, आणि तंबाखूही त्यात आली. गावसंघटनेत बसणारी बाई काय करते? विक्रेत्याशी कसे बोलायचे, तक्रार कुठे द्यायची, पिणाऱ्याला उपचारापर्यंत कसे न्यायचे, हे ती शिकते. प्रशिक्षण या शब्दाचा मला कळणारा अर्थ हाच.

आता प्रशिक्षणांना तोटा नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षा संस्थेत १९९८ पासून यासाठी वेगळे केंद्र आहे, २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. मग आक्षेप येतो की हे सगळे हजेरीपट, चहा आणि प्रमाणपत्र. पुष्कळ ठिकाणी तसे होते, ते झाकण्यात अर्थ नाही. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी निघते, मुले हात पुढे करून शपथ घेतात आणि २७ जूनला शाळेसमोरची टपरी उघडी असते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे. हे अंतर मोजायला शिक्षकाला, पालक समितीला, बीट हवालदाराला एकत्र कोण बसवणार? शपथेपेक्षा ते अवघड आहे, आणि शिकवावे लागते ते तेच. बोलले तर मुलांना नको ते सुचेल, ही पालकांची भीतीही पोकळ नाही. पदार्थांची नावे आणि घेण्याच्या पद्धती फळ्यावर मांडणारे व्याख्यान खरोखरच घातक ठरू शकते. म्हणूनच काय सांगू नये, हा प्रशिक्षणाचा मोठा भाग असायला हवा.

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक बाब अशी निघाली, जी कुठल्याही पोलिसी कारवाईने सुटणारी नाही. दारू, भांग-गांजा, अफूचे पदार्थ, सगळ्यांत मोठ्यांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त; फक्त हुंगण्याच्या पदार्थांत उलटे. १० ते १७ वयाच्या मुलांत ते १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन. वस्तू कायदेशीर, दुकान स्टेशनरीचे, गिऱ्हाईक दहा वर्षांचे. रुमाल नाकाशी धरून बसलेले ते पोर रेल्वे फलाटावर शेकडो माणसांना दिसते. त्याला शाळाच नाही, तेव्हा शाळेतल्या शपथेचा त्याला उपयोग नाही. त्याला पहिल्यांदा बघतो तो दुकानदार, मग हमाल, मग चहावाला, मग रेल्वेचा शिपाई. जोतीरावांनी दुकानांकडे पाहिले होते. आज प्रशिक्षणाच्या सतरंजीवर या चौघांना बसवायला हवे, आणि आजवरच्या बहुतेक वर्गांत तेच नसतात.