मोटारीची नाडी

वैशाखातली दुपार आहे असे समजा. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षे औरंगाबाद म्हणत आलो त्या शहराहून, एक जुनी फियाट मोटार वेरूळकडे निघाली आहे. दौलताबादचा किल्ला मागे पडतो, खुलताबादचा चढ लागतो, आणि निम्म्या चढावर गाडी दोनचार आचके देऊन बंद पडते. मालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो. रेडिएटरच्या झाकणाला मात्र तो हात लावीत नाही, कारण आतले उकळते पाणी तोंडावर येते हे त्याला ठाऊक असते. तो एक फडके भिजवतो, इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या छोट्या पेट्रोल-पंपावर ते गुंडाळतो, आणि सावलीत जाऊन बसतो. पंधरा मिनिटांनी गाडी मुकाट्याने चालू होते.

यात जादू काहीच नाही. चढाची मेहनत आणि वरचे ऊन यांनी पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. पंप द्रव ओढू शकतो, वाफेपुढे त्याचे काही चालत नाही. गारवा मिळाला, वाफेचे पुन्हा पेट्रोल झाले, एवढेच. पण हे त्या माणसाला समजले कसे? त्याने कुठे इंजिनियरिंगची परीक्षा दिली होती? ह्या घरगुती विद्येचाच इतिहास आज आपण बघू.

तो मोटारीइतकाच जुना आहे. 1888च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरगावी, शंभरएक किलोमीटर नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टन झिजले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. तेव्हा जगात गॅरेज नव्हतेच, ज्याची गाडी त्यानेच ती दुरुस्त करायची.

पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची युक्ती काढली. 1910च्या कॅडिलॅक गाडीत ती आली, आणि साठसत्तर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल-गाड्या तिच्यावरच चालल्या. आपली फियाटही त्यातलीच.

ती आपल्याकडे आली त्याचे असे झाले. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, आणि 1954च्या सुमारास इटलीच्या फियाट 1100चे काम सुरू झाले. 1953 साली सरकारने ठरवले होते, की परदेशी भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. बाहेरून गाडी आणणेही अवघड. मग काय, जी गाडी मिळाली तीच लोकांनी वर्षानुवर्षे सांभाळली. सत्तरच्या दशकात हिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले, पण आतले 1089 सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तेच राहिले. ही ग्राहकाची अडवणूक होती, यात शंका नाही. पण एक फायदा झाला: बापाने शिकलेली दुरुस्ती मुलाच्याही कामी आली.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, आणि 2023च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. इकडे आपल्या शहराजवळ शेंद्र्याला याच शतकात स्कोडा मोटारींचा कारखाना उभा राहिला. या नव्या गाड्यांचा बिघाड संगणक सांगतो. चांगलेच आहे, तो धूरही कमी करू देतो. पण एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट त्या यंत्राशी बोलणार नाही. आणि अशा गाड्या पुष्कळदा घडीभराच्या बिघाडापायी भंगारात जातात, याची मला खंत वाटते.

तेव्हा भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करा. गाडी उघड्यावर ढकला, कारण बंद खोलीत इंजिनाचा धूर जीव घेतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, विडीकाडी लांब ठेवा. मग तीनच प्रश्न विचारा: ठिणगी पडते का, पेट्रोल पोचते का, दाब धरतो का?

आधी ठिणगी. एक प्लग काढा, भोकापासून दूर त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, तार कोरड्या लाकडी चिमट्यात धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळसर, टपोरी ठिणगी हवी. ती नसेल तर पॉइंट बघा. उभ्या गाडीत त्यांच्यावर गंज धरतो. बारीक पॉलिश-पेपरने ते साफ करावेत. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा कमी असावी.

ठिणगी असेल तर पेट्रोल. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो, तो कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. जेट फुंकून काढावा, तार घालू नये, भोक मोठे होते.

गाडी चालू झाली पण एक सिलिंडर काम देत नसेल, तर चारही प्लग क्रमाने कागदावर मांडा. शाळेतल्या मास्तरांनी मुलांना हे जरूर दाखवावे. बिस्किटी रंगाचा प्लग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगी नाही. तेलकट काळा म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. पांढरा पडला असेल तर तो सिलिंडर फार तापतो आहे.

आणि रेडिएटरच्या गार पाण्यात इंजिन सुरू करताच बुडबुडे येऊ लागले, किंवा तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर हेडचे गॅस्केट गेले असे धरा. तिथे मात्र पाना खाली ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा.