आमच्या देवळाच्या छपराचा तणावा

ज्या धर्मगुरूंनीं, धर्मभगिनींनीं व दानशूर बांधवांनीं हें देऊळ उभें राखिलें, त्यांचा गौरव या ज्युबिली-पुस्तिकेंत अन्यत्र झालाच आहे. आम्हीं मात्र अशा एका सेवकाचा वृत्तान्त लिहिण्याचें योजिलें आहे, कीं जो आमच्या मस्तकावर अहोरात्र राबतो, पण ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं. तो सेवक म्हणजे छपराच्या कैचींतील आडवी तुळई. तिला आम्ही येथें तणावा म्हणूं.

वाचकांस स्मरत असेल कीं, मागील दुरुस्तीच्या वेळीं कित्येकांनीं सुचविलें होतें, या तुळया वेदीच्या दर्शनास आड येतात, त्यांवर कबुतरें बसतात, तेव्हां त्या कापून टाकाव्या. सूचना सद्भावाची होती. पण ती अमलांत आली असती, तर आजचा सोहळा मांडवांत करावा लागला असता. तें कसें, तेंच येथें सांगावयाचें आहे.

जालन्याकडील जुनें घर म्हणजे माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, वर मातीचा जाड थर. खांब दाब सोसतो, तुळई वांकून भार वाहते. वांकणाऱ्या तुळईच्या खालच्या अंगास ओढ बसते खरी. पण केवळ ओढ सोसण्यासाठीं म्हणून लांकूड घालण्याचा प्रसंग त्या घरांत येत नाहीं. पुढें १८२७ सालीं जालन्यास लष्करी छावणी वसली, १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा पहिला कारखाना निघाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडी या भागांत आली. उतरत्या छपरांच्या इमारती वाढल्या, आणि त्यांबरोबर कैची आली.

उतरतें छप्पर केवळ खालीं दाबत नाहीं. तें भिंतींस बाहेर ढकलतें. दोन पाट्या एकमेकींस टेकवून उभ्या केल्या, तर त्यांचे पाय सरकतात. पायांस दोरी बांधली कीं त्या उभ्या राहतात. ती दोरी म्हणजे तणावा. समजा, दोन वांशांच्या साध्या कैचीचा गाळा २४ फूट, उंची ६ फूट आणि तिजवर सर्वत्र सारखा पसरलेला भार ४ टन आहे. तर तणाव्यास २ टनांची ओढ बसते. उंची ३ फुटांवर आणली, तर तीच ओढ ४ टन होते. छप्पर जितकें बसकें, तितका तणाव्यास जाच अधिक.

ही विद्या प्राचीन आहे. सम्राट् कॉन्स्टन्टाइनानें चौथ्या शतकांत रोम येथें बांधविलेल्या संत पेत्राच्या जुन्या देवळाचें छप्पर लांकडी कैच्यांचें होतें. सिनाय पर्वताखालील संत कॅथरीनच्या मठांतील देवळाच्या कैच्या तर सहाव्या शतकांतील असून अद्याप उभ्या आहेत. तेथील तुळयांवर सम्राट् जस्टिनियनसाठीं प्रार्थना कोरली आहे, दिवंगत सम्राज्ञी थिओडोरेचें स्मरण आहे, आणि बांधणाऱ्या स्टेफनचेंही नांव आहे. थिओडोरा ५४८ सालीं वारली, जस्टिनियन ५६५ सालीं; त्यावरून त्या छपराचा काळ ठरतो. तुळयांनींच आपला इतिहास जतन केला!

कैचीच्या मधल्या उभ्या खांबाविषयींही एक गैरसमज आहे. तो तणाव्यावर उभा आहे असें भासतें. वस्तुतः तो शेंड्यापासून लोंबतो आणि तणाव्याचा मध्य वर धरून ठेवतो. म्हणूनच त्याच्या पायाशीं लोखंडी पट्टी असते.

आतां कोणी विचारील, २ टनांसाठीं एवढी जाड तुळई कशाला? चांगल्या सागास चौरस इंचामागें १५०० पौंड ओढ निर्धास्तपणें देतां येते असें धरलें, तर ३ चौरस इंच लांकूड पुरें. परंतु लांकूड मध्यें क्वचित् तुटतें. तें सांध्यांत हार खातें. खांच व बोल्टाचें भोंक जेवढें लांकूड खातात, तेवढें हिशेबांतून वजा करावें लागतें. गांठ आली तर बळ आणखी घटतें. बोल्ट टोंकाजवळ घातला तर पुढचा तुकडाच निसटतो, म्हणून बोल्टाच्या जाडीच्या निदान सातपट अंतर सोडावें. शिवाय धाग्याच्या दिशेनें बळकट असलेलें लांकूड धाग्याच्या आडव्या ओढीस त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेंही टिकत नाहीं.

सर्वांत मोठें भय तणाव्याच्या टोंकांस आहे. तीं भिंतींत दडलेलीं असतात. ओल व वाळवी तेथेंच प्रथम शिरते, आणि मधली तुळई मात्र निरोगी दिसत राहते.

म्हणून आमची एक विनंती आहे. पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण ठरविला. १९८१ सालीं त्याच तारखेस आपला जालना जिल्हा झाला. दरवर्षी त्या दिवशीं, पावसाळ्यापूर्वीं, एखाद्या जाणत्या सुतारानें शिडी लावून प्रत्येक तणाव्याचीं दोन्ही टोंकें ठोकून पाहावीं. सुतार संताचा याहून योग्य सन्मान आम्हांस सुचत नाहीं. आणि पुढील ज्युबिलीही मग याच छपराखालीं होईल.