बिशप्स कॅसल व त्याचा कर्जबाजारी लोहमार्ग

श्रॉपशायर परगण्याच्या पश्चिम अंगास, वेल्सच्या सरहद्दीलगत, बिशप्स कॅसल नांवाचें एक लहानसें डोंगरी शहर आहे. हर्फर्डच्या बिशपांनीं तेथें किल्ला बांधला, त्यावरून हें नांव पडलें. इ. स. १५७३ मध्यें एलिझाबेथ राणीनें शहरास सनद दिली व पुढें तेथून पार्लमेंटांत दोन सभासद जाऊं लागले. आमच्या संशोधकांस या शहराचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर विजयदुर्गाशीं जाऊन भिडतें.

फेब्रुवारी १७५६ मध्यें तुळाजी आंग्र्याचा विजयदुर्ग इंग्रजांनीं घेतला, तेव्हां आरमार वॉटसनच्या व जमिनीवरील फौज रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालीं होती. हाच क्लाइव्ह पुढें बंगाल्यांतून अमाप द्रव्य घेऊन स्वदेशीं परतला आणि १७६३ च्या सुमारास त्यानें बिशप्स कॅसलजवळील वॉलकॉटचा जमीनजुमला विकत घेतला. शहराचे मतदार थोडे व मतें विकाऊ. त्यामुळें जमिनीमागोमाग पार्लमेंटांतील जागाही त्या घराण्याच्या हातीं आल्या. त्याच्या नात्यांतील जॉर्ज क्लाइव्ह १७६३ पासून १७७९ पर्यंत येथील सभासद होता. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानें या जागा रद्द झाल्या आणि शहराची बाहेरच्यांस वाटणारी किंमतही त्यांबरोबर संपली.

यानंतर शहरानें आपल्या बळावर आगगाडी आणण्याचें मनांत घेतलें. १८६१ मध्यें कायदा होऊन कंपनी उभी राहिली. क्रेव्हन आर्म्स येथून ऑनी नदीच्या खोऱ्यानें वर चढून वेल्समधील माँटगोमेरीजवळच्या लोहमार्गास मिळावें, असा संकल्प होता. पैका मध्येंच संपला. सुमारें साडेदहा मैल रूळ पडले आणि १८६६ च्या आरंभीं उतारूंची वाहतूक सुरू झाली; माँटगोमेरी कधींच गांठतां आली नाहीं. लिडम हीथ या ठिकाणीं इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकास जोडावें लागे, कारण पुढें जावयाचा मार्ग बांधलाच गेला नव्हता. त्या अपुऱ्या संकल्पाची ही रोजची साक्ष होती.

१८६७ मध्यें कंपनी रिसीव्हरच्या ताब्यांत गेली. १८७७ मध्यें जमिनीच्या थकलेल्या किंमतीपायीं कोर्टाचे बेलीफ आले व हॉर्डर्लीजवळ रूळ उखडून त्यांनीं मार्ग अडविला. राखणदारांस दारू पाजून लोकांनीं रात्रीं रूळ पुन्हां बसविले व गाडी पार नेली, अशी कथा तिकडे आवडीनें सांगतात. जप्ती व दंतकथा यांस एकाच तागडींत घालूं नये. परंतु शहरास त्या गाडीची गरज किती होती, हें दंतकथाही सांगते.

कंपनीचें दिवाळें निघालें, सबब लोहमार्ग फसला, असें अनुमान सहज निघतें. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें व्याप्तीच सिद्ध होत नाहीं. दिवाळें निघाल्यावर हा मार्ग ६८ वर्षें चालला. १९२३ मध्यें इंग्लंडांतील बहुतेक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, तेव्हांही यास कोणी पदरांत घेतलें नाहीं. रूळ विकून धनकोंचें समाधान होण्यासारखें नव्हतें, आणि खोऱ्यास कोळसा व गुरांच्या वाहतुकीची निकड होती. या दोन कारणांनीं तो जगला. मोटारींनीं ती निकड संपविली, तेव्हां एप्रिल १९३५ मध्यें तो बंद पडला. त्याचे रूळ काढण्याचें काम त्याच्याच ‘कार्लाइल’ इंजिनानें केलें आणि १९३७ मध्यें तेंही मोडींत गेलें.

क्लाइव्ह घराण्याचे कागद वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जपले आहेत. विजेत्यांचीं दप्तरें बहुधा राहतात. ऋणकोंचे हिशेब, जप्तीचे हुकूम, थकलेल्या देण्यांचीं पत्रें मात्र रद्दींत जातात. बिशप्स कॅसलनें स्वतः काय केलें, हें कळावयाचें तें या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवरून. संग्राहकांनीं बस्ता सोडतांना एवढें ध्यानांत ठेवावें.