अस्मारा ते तोरिनो

शनिवारी सायकलवरून सिंहगड पायथ्यापर्यंत जायचा बेत होता, पावसाने बारगळला. मग चहा घेऊन २०२४ च्या टूर द फ्रान्सचे जुने व्हिडिओ बघत बसलो. १ जुलै, तिसरा टप्पा, शेवट इटलीतल्या तोरिनोत. जिंकला बिनियम गिरमाय. वय २४, देश एरिट्रिया. टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन!

म्हटलं, तांबड्या समुद्राकाठच्या या छोट्याशा देशात सायकल आली कुठून?

तर ती आली इटालियन साहेबाबरोबर. १८९० पासून एरिट्रिया इटलीची वसाहत. १९३० च्या दशकात राजधानी अस्मारात शर्यती सुरू झाल्या, पण फक्त गोऱ्यांसाठी. १९३९ साली एका शर्यतीत स्थानिकांनाही उतरू दिलं. जिंकलं कोण? गेब्रेमरियम गेब्रू, एरिट्रियन! तुम्हाला 'लगान' आठवला असेल, पण ही गोष्ट खरी आहे.

१९४१ मध्ये इटालियन सत्ता गेली, सायकल मात्र राहिली. अस्मारा सव्वादोन हजार मीटरहून उंचावर. मासावा बंदरापासून वर येणारा घाट शंभरेक किलोमीटरचा. म्हणजे दमसासाची तालीम दाराशीच.

पण घाट चढणं वेगळं आणि युरोपात पगारी रायडर होणं वेगळं. तिथे दीडशे जणांच्या घोळक्यात, आडव्या वाऱ्यात, दगडी रस्त्यांवर खांद्याला खांदा लावून सायकल हाणावी लागते. ते घरी बसून येत नाही. २०१८ मध्ये गिरमाय स्वित्झर्लंडमधल्या एगलच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. २०२० मध्ये एका फ्रेंच संघाचा करार मिळाला. पुढच्याच वर्षी तो संघ आर्थिक अडचणीत आला आणि हा बेल्जियन संघाकडे गेला.

२७ मार्च २०२२ ला त्याने बेल्जियममधली गेंट-वेवेलगेम जिंकली. जवळजवळ अडीचशे किलोमीटरची शर्यत. पुढच्याच रविवारी त्याहून मोठी टूर ऑफ फ्लँडर्स. असा फॉर्म असताना कोणीही थांबला असता. हा पठ्ठ्या आधी ठरल्याप्रमाणे घरी गेला, बायको आणि लहानग्या मुलीकडे. ऑनसाइटला तिसऱ्याच आठवड्यात आईच्या वरणभातासाठी रडकुंडीला आलेल्या मला हे लगेच कळलं. परदेशात टिकायचं तर परतीची वाटही जपावी लागते.

त्याच मे महिन्यात जिरो द'इतालियाचा टप्पा जिंकला, आणि बक्षीस समारंभात बाटलीचं बूच उडून डोळ्यावर बसलं. शर्यत तिथेच संपली. तरी २०२४ च्या टूरमध्ये गड्याने तीन टप्पे आणि हिरवी जर्सी मिळवली.

१९३९ मध्ये गेब्रूला नुसतं उभं राहायला परवानगी लागली होती. ८५ वर्षांनी, खुद्द इटलीत, त्याचा देशबांधव सगळ्यांच्या पुढे होता. मधली वर्षं कितीजणांचे पाय तितकेच दणकट असतील, फक्त कोणी बोलावलं नाही. हे मनातून जात नाही.

असो. पाऊस थांबलाय. निघतो.