चांद्याचा परकोट आणि इरई-झरपटीचा कांठ

चंद्रपूर, म्हणजे पूर्वींचें चांदा, या शहराभोंवतीं गोंड राजांनीं घातलेला परकोट सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याची रेषा ज्या वळणानें गेली आहे त्या वळणानेंच ती कां आंखली गेली, या प्रश्नाचें उत्तर बहुधा एका दंतकथेवर सोंपवून देण्यांत येतें. प्रस्तुत लेखांत तेवढाच एक मुद्दा आम्ही विचारास घेतला आहे. गेल्या मार्गशीर्षांत जटपुरा दरवाजापासून बिनब्यावरून पठाणपुऱ्यापर्यंत आम्ही तटाच्या कडेनें पायीं गेलों. ती पाहणी व छापील साधनें यांच्या आधारानें पुढील विवेचन केलें आहे.

प्रथम स्थलवर्णन. शहराच्या पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट अशा दोन नद्या असून दक्षिणेस त्यांचा संगम होतो. परकोटास चार दरवाजे आहेत: उत्तरेस जटपुरा, पश्चिमेस बिनबा, दक्षिणेस पठाणपुरा आणि पूर्वेस अचलेश्वर. यांखेरीज बगड, हनुमान, विठोबा, मसन व चोर अशा पांच खिडक्या. चार दरवाजांपैकीं तीन नदीच्या बाजूस उघडतात. केवळ जटपुऱ्याच्या अंगास नदी नाहीं. ईशान्येस रामाळा तलाव आहे. दरवाजांवर हत्तीस दाबून धरणाऱ्या सिंहाचें गोंड राजचिन्ह कोरलेलें आहे.

आतां दंतकथा. मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं इ. स. १८६९ च्या जमाबंदी अहवालांत स्थानिक परंपरा टिपून ठेवल्या. पुढील बहुतेक लेखकांनीं त्यांचाच आश्रय केला आहे. परंपरा अशी कीं, बल्लारपूर येथें राज्य करणारा खांडक्या बल्लाळशहा अंगावरील गांठींच्या व्याधीनें पीडित होता. शिकारीस गेला असतां झरपटीच्या कोरड्या पात्रांत एका खळग्यांतील पाणी तो प्याला व त्यानें हातपाय धुतले. व्याधि नाहींशी झाली. तेंच अचलेश्वराचें तीर्थ. पुढें त्याच परिसरांत एक ससा शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागलेला राजास दिसला. ती भूमि वीरप्रसू आहे असें राणीनें सुचविलें, आणि ससा ज्या वाटेनें फिरला त्या वाटेनें तट घालण्याचें ठरलें. हा राजा पंधराव्या शतकांतला मानण्याची रूढि आहे. तटाचें काम त्याच्या हयातींत संपलें नाहीं. वेशी हीरशहानें उभारल्या व धुंड्या रामशहानें काम तडीस नेलें, असें परंपरा सांगते.

कुत्र्यावर उलटणाऱ्या सशाची कथा इतर राजधान्यांविषयींही सांगितली जाते. दक्षिणेंत विजयनगराच्या स्थापनेस तीच जोडलेली आहे. तेव्हां चांद्याच्या सशास ऐतिहासिक साक्षीदार मानण्याचें कारण नाहीं. मात्र कथा टाकाऊ ठरत नाहीं. तींतून एवढें निश्चित निघतें कीं, ही रेषा सूत्र धरून आंखलेली चौकोनी रेषा नव्हे, हें पूर्वींच्या लोकांसही जाणवत होतें व त्या वांकड्या रेषेस कारण शोधण्याची त्यांस गरज भासली. तें कारण आमच्या मतें सशाच्या पायांत नसून नद्यांच्या पात्रांत आहे.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन व वन असे चार प्रकार सांगितले असून नगरास नदीसंगमाची जागा प्रशस्त मानली आहे. गोंड स्थपतींनीं तो ग्रंथ पाहिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चांद्याची रचना औदक दुर्गाच्या लक्षणास पुष्कळशी जुळते. दोन नद्यांमधील भूमि निवडावी, नद्यांस परिखेचें काम द्यावें, आणि पात्र जसें वळेल तसा प्राकार वळवावा, हा भूमि जाणणाऱ्या माणसाचा विचार आहे.

या परिखेची उणीवही ध्यानांत घेतली पाहिजे. इ. स. १७५१ मध्यें नीळकंठशहाकडून चांदा नागपूरकर रघूजी भोसल्यांकडे गेलें. त्यानंतर इ. स. १८१८ मध्यें कर्नल अॅडम्स यानें शहरास वेढा घातला व तोफांनीं तटास भगदाड पाडून २० मे रोजीं तें घेतलें. किल्लेदार गंगासिंग लढतांना पडला. महिना मे होता, हें विसरूं नये. पावसाळ्यांत ज्या नद्या शहर राखतात त्याच वैशाखांत रोडावतात. बल्लाळशहाच्या कथेंतही झरपटीचें पात्र कोरडें आहे व राजास पाणी खळग्यांत सांपडतें. दंतकथा व वेढा यांची या एका गोष्टीवर एकवाक्यता होते.

राजधानीच्या काळाविषयीं एक समकालीन साधन आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरींत चांद्याच्या बाबजी नांवाच्या गोंड राजाचा उल्लेख असून त्याजवळ १००० स्वार व ४०००० पायदळ असल्याचें म्हटलें आहे. हिऱ्याच्या खाणीचें वैरागड त्यानें थोड्याच काळापूर्वीं जिंकलें होतें असेंही त्यांत आहे. हें वैरागड इ. स. १९८२ मध्यें निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत येतें. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस चांद्याचें राज्य दूरवर नांवाजलेलें होतें. त्याच्या मागील वंशावळीचे सन मात्र परंपरेवर उभे आहेत. ते जपून वापरावे.

परकोटाच्या घेराविषयींही साधनांत मेळ नाहीं. जुन्या गॅझेटियरांत तो साडेपांच मैल, म्हणजे सुमारें ९ किलोमीटर दिला आहे. हल्लीं ११ किलोमीटर सांगण्यांत येतो. दोन किलोमीटरांचा फरक लहान नव्हे. बुरुजांची वळणें धरून मोजावें कीं सरळ रेषेनें, यावर तो कांहींसा अवलंबून असावा. बुरुजागणिक अंक घालून मोजणी झाल्यास हा वाद मिटेल.

इ. स. १८७० च्या गॅझेटियरांत या देखाव्याचें मोठें रम्य वर्णन आहे: झाडींत लपत व पुन्हां प्रकट होत जाणारा तट, रामाळ्याचें पाणी, नद्यांचीं वळणें. पुढें तटावर झुडपें माजलीं व तो दृष्टीआड झाला. इ. स. २०१७ मध्यें इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनीं श्रमदानानें तो साफ करण्यास आरंभ केला, आणि फांजीवरून चालत परकोट पाहणें पुन्हां शक्य झालें. न्यूयॉर्कजवळ ब्राँक्स नदीच्या घाणीस कंटाळून लोकांनीं तिच्या कांठीं उद्यानमार्ग केला, तो इ. स. १९२५ मध्यें पुरा झाला. तेथें मार्ग नवा करावा लागला. चांद्यास तो गोंड राजांनीं आधींच करून ठेवला आहे. नदीचा कांठ तेवढा मोकळा ठेवावयाचा आहे. जुलै २०२२ च्या पुरांत इरईचें पाणी कांठच्या वस्त्यांत शिरलें, तेव्हां नदीनें आपली जुनी हद्द दाखवूनच दिली.

शेवटीं एक विनंति. भोसल्यांच्या अमलांत, म्हणजे शंभर वर्षांच्या काळांत, या तटाची डागडुजी, दरवाजांवरील चौक्या व पुराचा उपद्रव यांविषयीं कांहीं तरी लिहिलें गेलें असलेंच पाहिजे. तसे मोडी कागद जुन्या देशमुख-देशपांडे घराण्यांच्या दप्तरांत सांपडण्याचा संभव आहे. ज्या संग्राहकांजवळ चांदा परगण्याचीं दप्तरें असतील त्यांनीं तीं वाळवीच्या हवालीं होण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहावीं. बुरुजाच्या दुरुस्तीचा एक साधा जमाखर्चही आमच्या वरील अनुमानास बळकटी आणील, अथवा तें खोडून काढील. दोन्ही प्रकारें तो आम्हांस स्वागतार्हच आहे.