बढती मिळाली, पण जुनी जागा?

न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. तिथल्या कामगारांच्या बढत्यांवर संशोधन करायचं असेल, तर बंदराच्या सेवानियमांआधी 1946 च्या केंद्रीय नियमांतले आदर्श स्थायी आदेश वाचा. मजकूर स्वातंत्र्याआधीचा, पण नीट वाचण्यासारखा. त्यांनुसार कायम कामगाराला नव्या पदावर प्रोबेशनर म्हणून नेमलं, तर तीन महिने तोही प्रोबेशनवर असे. मात्र त्याला जुन्या कायम पदावर परत पाठवता येत असे. बाहेरून आलेल्याला मागे जायला पदच नसतं. बंदरासाठी जमीन गेलेल्या घरातल्या कामगाराला हा फरक केवढा, वेगळं सांगायला नको. आणि पगार? हे कलम फक्त पदाबद्दल बोलतं. म्हणून नुसत्या बढतीच्या आदेशावर थांबू नका. वेतननिश्चितीचा आदेश आणि वेतन करार शेजारी ठेवून बघा: वाढीव पगार रुजू झाल्यापासून धरलाय, की कायम झाल्यापासून?