डोळ्यातले औषध आणि सात वर्षांचा हिशेब

बुबुळ, त्यामागचा स्नायूचा भाग आणि दृष्टिपटलाला रक्त पुरवणारा थर मिळून डोळ्याचे मधले आवरण तयार होते. सोललेल्या द्राक्षासारखे दिसते म्हणून द्राक्षाच्या लॅटिन नावावरून त्याला ‘युव्हिया’ म्हणू लागले. त्याला सूज आली की होतो तो युव्हिआयटिस. मोठ्या माणसांचा डोळा यात बहुधा लाल होतो, दुखतो. संधिवात असलेल्या लहान मुलांचा डोळा मात्र पुष्कळदा पांढराशुभ्र राहतो, दुखतही नाही आणि नजर हळूहळू जात राहते.

मुलांच्या संधिवाताचे सविस्तर वर्णन लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये केले. त्या काळी डोळ्याच्या या सुजेवर मुख्य आधार होता अ‍ॅट्रोपिनचा. आपल्याकडच्या विषारी धोतऱ्यातही हे द्रव्य असते. त्याने बाहुली मोठी राहते व बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत नाही; पण मूळ सूज तशीच राहते.

सूज ओसरवणारे औषध १९४८ मध्ये हाती आले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांतच तो रुग्ण हिंडूफिरू लागला. १९५० मध्ये हेंच, केंडाल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नेत्रतज्ज्ञांनीही हे औषध लगेच वापरात आणले. परंतु दशकभरातच त्याची दुसरी बाजू दिसली. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, असे आढळले. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांना मोतीबिंदू होतो, हे १९६० मध्ये नोंदले गेले. मुलांची तर गोळ्यांनी उंचीही खुंटते.

थेंब डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत पुरेसे पोचत नाहीत आणि गोळ्यांचे औषध सर्व शरीरात पसरते. मग औषध डोळ्यातच का ठेवू नये? या विचारातून तयार झालेल्या एका इम्प्लांटला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. फ्लुओसिनोलोन या स्टेरॉइडचे अवघे ०.५९ मिलिग्रॅम त्यात असते. शस्त्रक्रियेने ते डोळ्याच्या भिंतीला आतून शिवतात आणि सुमारे अडीच वर्षे त्यातून औषध झिरपत राहते. २०१० मध्ये डेक्सामेथासोनच्या ०.७ मिलिग्रॅमच्या कांडीलाही युव्हिआयटिससाठी मान्यता मिळाली. ती सुईने आत सोडतात व काही महिन्यांत ती विरघळून जाते.

शिवायचे इम्प्लांट चांगले, की पोटातून द्यायची औषधे? हे ठरवण्यासाठी १३ वर्षांवरील २५५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. २०११ मध्ये दोन वर्षांचा निकाल आला, तेव्हा दृष्टीच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास बरोबरीचे होते. २०१७ मध्ये सात वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा पोटातून औषध घेणाऱ्यांची नजर तक्त्यावरील सरासरी सात अक्षरांनी सरस भरली. इम्प्लांटमधले औषध संपल्यावर आजाराने पुन्हा डोके वर काढले होते. शिवाय असे इम्प्लांट बसवलेल्या जवळपास प्रत्येक नैसर्गिक भिंगात तीन वर्षांच्या आत मोतीबिंदू होतो आणि अनेकांना काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागते.

मुलांच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे, कारण आठ वर्षांच्या मुलाला तो डोळा आणखी साठ-सत्तर वर्षे वापरायचा असतो. म्हणून स्टेरॉइड शक्य तितके कमी ठेवण्याकडे आज डॉक्टरांचा कल असतो. मेथोट्रेक्झेटच्या जोडीला अ‍ॅडालिमुमॅब दिल्यास आजार अधिक आटोक्यात राहतो, हे ब्रिटनमध्ये ९० मुलांवर झालेल्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. या महागड्या औषधाची तुलनेने स्वस्त भारतीय आवृत्ती २०१४ च्या अखेरीसच बाजारात आली होती. इम्प्लांटचा विचार मुलांमध्ये निवडक वेळीच होतो.

यात शिक्षकांचे काम कोणते? पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावात मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे पालकांचा एक दिवसाचा रोजगार बुडणे. डोळा दुखत नसताना ते सहसा जात नाहीत. म्हणून एखाद्या मुलाचा गुडघा आठवडेच्या आठवडे सुजलेला असेल, सकाळी ते लंगडत असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवायला सांगावे. संधिवात निघाला, तर डोळे चांगले दिसत असले तरी ते स्लिट लॅम्पखाली ठरावीक मुदतीने तपासून घ्यावेत, असा आग्रह धरावा. ही सूज शाळेतल्या अक्षरतक्त्यावर लवकर कळत नाही. आणि तक्त्यावर कळेपर्यंत नजरेचे बरेच नुकसान झालेले असते.